मापभर धान्य आणि राजाचे छत्र : प्राचीन तमिळ काव्यातील नीतिविचार

दक्षिणेकडच्या भाषांविषयी आपल्याकडे फार दिवसांचे एक अज्ञान आहे आणि त्या अज्ञानाला आपण विनोदाचे रूप दिले आहे. 'यंडूगुंडू' हा शब्द ज्याने ऐकला नाही असा मराठी माणूस विरळा. धारावीच्या चामड्याच्या कारखान्यांत तिरुनेलवेलीकडून आलेल्या मजुरांनी पिढ्यान् पिढ्या घाम गाळला. त्यांच्या शेजारी आपण राहिलो, त्यांच्याबरोबर गिरणीच्या दारात उभे राहिलो; पण त्यांच्या घरात कोणती कविता बोलली जाते हे विचारण्याची बुद्धी आपल्याला क्वचितच झाली. याला सन्माननीय अपवाद आहेत. साने गुरुजी १९३० च्या चळवळीत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी 'तिरुक्कुरळ' मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. तुरुंगातून माणूस काय घेऊन बाहेर पडतो, यावर त्याची परीक्षा होते. गुरुजी शेजारच्या भाषेतील नीतिग्रंथ घेऊन बाहेर पडले.

आज मी 'कुरळ'च्याही आधीच्या काव्याविषयी बोलणार आहे. तमिळ लोक त्याला संघम् काव्य म्हणतात. २००४ साली भारत सरकारने तमिळ भाषेला अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. २०२४ साली तो मान मराठीला मिळाला तेव्हा आपण जे पुरावे पुढे केले, त्यांत हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'ला मोठे स्थान होते. योगायोग असा, की या गाथांच्या सर्वांत जवळचे काव्य शोधू गेल्यास ते संस्कृतात सापडत नाही, तमिळमध्ये सापडते. छोटी मुक्तके, खेड्यातली माणसे, रानातली पाखरे आणि बोलणाऱ्या बाईच्या तोंडून सूचित होणारा अर्थ, हे सारे दोहोंकडे आहे. जॉर्ज हार्ट या अमेरिकन पंडिताने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे साम्य तपशिलाने मांडले. तेव्हा ज्यांना आपण परके म्हणून हसलो, ते काव्याच्या नात्याने आपले जवळचे भाऊबंद निघाले.

हे काव्य आपल्यापर्यंत पोचले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. १८८० साली कुंभकोणमच्या कॉलेजात उ. वे. स्वामिनाथ अय्यर नावाचे एक तरुण पंडित तमिळ शिकवू लागले. गावात मुनसफ म्हणून आलेले रामस्वामी मुदलियार यांच्या भेटीला ते गेले. आपण काय काय वाचले, हे त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितले. पुराणे, स्तोत्रे, स्थलमाहात्म्ये यांची यादी मोठी होती. मुदलियारांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, हे ठीक आहे, पण याच्या आधीचे काही वाचले आहे काय? या एका प्रश्नाने अय्यरांचे आयुष्य बदलले. पुढची साठ वर्षे ते गावोगाव हिंडून ताडपत्रे गोळा करीत राहिले. जीर्ण पोथ्या नदीत सोडणे किंवा अग्नीला देणे हे पुण्यकर्म समजले जाई, म्हणून किती काव्य नाहीसे झाले याचा हिशेब नाही. १८८९ साली त्यांनी 'पत्तुप्पाट्टु' छापले आणि १८९४ साली 'पुरनानूरु'. जाफन्याचे दामोदरम् पिळ्ळै यांनी १८८७ साली 'कलित्तोकै' छापले होते. म्हणजे दोन हजार वर्षांचे हे धन सामान्य वाचकाच्या हाती येऊन अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत.

आठ संग्रह आणि दहा दीर्घ गीते मिळून या काव्यात २३८१ रचना आणि ४७३ कवींची नावे मोजली जातात. शंभरावर रचना निनावी आहेत. यांतील बहुतेक काव्य इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांतले, असे सामान्यतः मानतात. काव्याचे दोन भाग. 'अकम्' म्हणजे आतले, घरातले, प्रीतीचे; आणि 'पुरम्' म्हणजे बाहेरचे, राजाचे, युद्धाचे, दानाचे व मरणाचे. अकम् काव्याचा एक नियम मोठा मार्मिक आहे: त्यात प्रेमिकांची नावे घ्यावयाची नाहीत. डोंगर, रान, शेती, समुद्रकिनारा आणि रखरखीत माळ अशा पाच भूमी आणि प्रत्येक भूमीची एक भावावस्था. डोंगरात मीलन, रानात वाट पाहणे, शेतीच्या मुलखात रुसवा, किनाऱ्यावर तळमळ आणि माळावर ताटातूट. प्रीती ही कोणा एकाची मिरास नाही, म्हणून तिथे नाव नाही. पुरम् काव्यात मात्र नाव घेतल्याखेरीज चालत नाही. कारण तेथे प्रश्न जबाबदारीचा असतो.

ही नावे केवळ कल्पनेतली नव्हेत. अशोकाच्या शिलालेखात चोळ, पांड्य, केरळपुत्र यांच्याबरोबर सत्यपुत्र असे एक नाव येते. हे सत्यपुत्र कोण, यावर पंडितांनी पुष्कळ वाद घातला. १९८१ साली तमिळनाडूत जम्बै या गावी एक कोरीव लेख सापडला आणि त्यात अदियमान नेडुमान अंजि या सरदाराच्या नावामागे हीच पदवी लावलेली आढळली. औवैयार या कवयित्रीने गायिलेला सरदार तो हाच, किंवा त्याच्याच घराण्यातला. करूरजवळच्या पुगळूरच्या लेखात चेर राजांच्या तीन पिढ्या सापडतात. कवितेत आलेली प्रत्येक गोष्ट घडलीच, असे यावरून सिद्ध होत नाही. पण ही माणसे एका खऱ्या जगात वावरत होती, एवढे निश्चित.

आता कवी कोण होते ते पाहू. कवींच्या नावांतच त्यांचे धंदे राहून गेले आहेत. कोणी मदुरेचा कापड-व्यापारी, कोणी धान्याचा व्यापारी, कोणी लोहार, कोणी ज्योतिषी. वेण्णि गावची एक कुंभारीण आहे, डोंगरी कुरवर जमातीतली एक बाई आहे. दोन डझनांहून अधिक कवयित्री आहेत. राजेही कवी आहेत. एका पांड्य राजाच्या नावावर असलेल्या रचनेत विद्येचे माहात्म्य सांगताना म्हटले आहे, की पोटच्या मुलांतही आईचा ओढा शिकलेल्याकडे असतो, राजा वडीलपणाला न मानता जाणत्याच्या सल्ल्याने चालतो आणि खालच्या मानलेल्या कुळातला माणूस शिकला तर वरच्या कुळातला त्याच्यापुढे नमतो. दिव्याखाली बसून अक्षरे गिरवलेल्या माणसाला हे ऐकून बरे वाटल्यावाचून राहत नाही.

पण कवीचे पोट कशावर चाले? दानावर. रिकामी चूल, सुकलेली बायको, रडणारी पोरे मागे ठेवून कवी डोंगर ओलांडून राजाकडे जातो. गातो आणि मिळेल ते घेऊन येतो. या काव्याची नीती समजून घेताना ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे. हे भरल्या पोटी केलेले नीतिबोध नव्हेत. बोलणारा अन्नासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे आणि तरीही तो ताठ बोलतो. या काव्याचा मोठेपणा येथे आहे.

नक्कीरर नावाच्या कवीची एक छोटी रचना पाहा. साऱ्या पृथ्वीवर एकछत्री राज्य करणारा सम्राट एकीकडे आणि रात्रंदिवस डोळ्याला डोळा न लावता जनावरामागे धावणारा अडाणी शिकारी दुसरीकडे. कवी या दोघांचा हिशेब मांडतो. दोघांना खायला मापभर धान्य लागते, नेसायला-पांघरायला दोन वस्त्रे लागतात. बाकीच्या गोष्टीही सारख्याच. मग राजाजवळ जे जास्त आहे ते कशासाठी? देण्यासाठी. एकट्याने भोगू म्हटले तर हातचे पुष्कळ निसटून जाते. यात देवाधर्माची भीती घातलेली नाही, स्वर्गाचे आमिष नाही. माणसाच्या पोटाचे आणि अंगाचे माप घेऊन केलेला हा साधा युक्तिवाद आहे.

पेरुंचित्तिरनार नावाचा कवी कुमणन या सरदाराकडून भरपूर धन घेऊन घरी येतो आणि बायकोला सांगतो: तुला जीव लावणाऱ्यांना दे, आपल्या नातलगांना दे, उपासमारीच्या दिवसांत ज्यांनी उसने दिले त्यांना दे, अमक्याला द्यावे का, असे मला विचारीत बसू नकोस, आणि आपण पुढे सुखाने राहू म्हणून साठवूही नकोस. गिरणी बंद पडली की चाळीत कोणाच्या डब्यातले पीठ कोणाच्या परातीत जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कविता समजावून सांगावी लागणार नाही. गरिबाचे दान हे दान नसते, ती परतफेड असते.

हाच कवी एकदा अदियमानाकडे गेला. सरदाराने त्याची भेट न घेताच देणगी बाहेर पाठवून दिली. कवीने ती घेतली नाही. त्याचे म्हणणे असे, की मी देणग्यांचा व्यापारी नाही. माझे गुण पाहून, मला समोर बसवून तिळाएवढे दिलेत तरी ते मला गोड आहे. तीस वर्षे मजुरांच्या तक्रारी मालकांच्या दारात नेणाऱ्या माझ्यासारख्याला ही कविता प्रथम वाचनातच आपली वाटली. मजूर पैशासाठी भांडतो हे खरेच. पण चिठ्ठी बाहेर पाठवून बोळवण करणारा मालक आणि समोर बसून वाटाघाट करणारा मालक यांतला फरक मजुराला पगाराच्या आकड्याइतकाच कळतो. आपल्याला माणूस म्हणून मोजावे, ही मागणी दोन हजार वर्षांची जुनी आहे.

दान घेणारा हा कवी राजाला उपदेशही करतो. पिसिरान्दैयार हा कवी पांड्य राजाला कर कसा घ्यावा हे हत्तीच्या दाखल्याने सांगतो. लहानशा वावरातले भात कापून, कवळ करून हत्तीला चारले तर ते बरेच दिवस पुरते. पण तोच हत्ती शेतात शिरला तर शंभर वावरे असली तरी तोंडात जाते त्याहून पायाखाली जास्त जाते. राजाला रीत कळली तर प्रजाही जगते आणि खजिनाही भरतो. न कळली तर त्याला खायला मिळत नाही आणि देशही बुडतो. वेळ्ळैक्कुडि नागनार हा दुसरा कवी चोळराजा किळ्ळिवळवन याला ऐकवतो, की तुझ्या लढाईतला विजय हा मुळात नांगराच्या फाळातून उगवलेला आहे आणि पाऊस पडला नाही तरी लोक बोल राजालाच लावतात. या रचनेखालच्या जुन्या टिपेत, हे गाऊन कवीने शेतसाऱ्याची थकबाकी सोडवून घेतली, असे नमूद आहे. आपण याला शिष्टमंडळ म्हणतो; तेथे एक माणूस आणि एक कविता पुरेशी झाली. तिसरा कवी पांड्य राजाला म्हणतो, परलोक हवा असेल, विजय हवा असेल, कीर्ती हवी असेल, तर सखल जागा पाहून पाणी अडव. जो अन्न देतो तो प्राण देतो, आणि अन्न म्हणजे माती आणि पाणी यांचा संयोग. दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या आपल्या मुलखाला यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कोवूर किळार या कवीचे धैर्य तर विलक्षण. एका चोळाने दुसऱ्या चोळाला उरैयूरच्या कोटात कोंडले असता तो मधे पडतो आणि सांगतो, दोघांच्याही गळ्यांत माळ एकाच झाडाच्या फुलांची आहे. कोणीही हरला तरी हार तुमच्याच घराची. किळ्ळिवळवनाने शत्रूची लहान मुले हत्तीच्या पायाखाली देण्यासाठी आणवली, तेव्हा हाच कवी पुढे झाला. तू पारव्यासाठी स्वतःचे मांस देणाऱ्याच्या वंशातला, याची त्याने राजाला आठवण दिली आणि मग मुलांकडे बोट केले: हत्ती पाहून ही रडायचीदेखील विसरली आहेत आणि भोवतालच्या अनोळखी गर्दीला भिऊन पाहत आहेत. मुले वाचली, असे टीप सांगते.

मी आधी उल्लेखिलेली वेण्णि गावची कुंभारीण अशीच. तिच्याच गावच्या रणात करिकाल चोळाने चेर राजाचा पराभव केला. चेराच्या पाठीवर जखम झाली. लाजेने तो उत्तरेकडे तोंड करून प्रायोपवेशनाला बसला. विजयी राजाची स्तुती करण्याची वेळ होती. तिने स्तुती केली, आणि शेवटी करिकालालाच विचारले की जिंकलास तू, पण तो तुझ्याहून भला नव्हे काय? विजेत्याच्या तोंडावर हरलेल्याचा गौरव करणारी ही बाई मातीची भांडी करणाऱ्या कुळातली होती. दरबारी इतिहासात अशी माणसे सहसा सापडत नाहीत.

राजा आणि कवी यांचे नाते नेहमी देण्याघेण्याचेच राहते असेही नाही. परम्बु डोंगराचा सरदार पारि याने आधार शोधणाऱ्या जुईच्या वेलाला आपला रथ देऊन टाकला, अशी त्याची कीर्ती. चेर, चोळ, पांड्य या तिघांनी मिळून त्याचा डोंगर वेढला आणि पारि मारला गेला. त्याचा मित्र कवी कपिलर याने त्याच्या दोन मुलींना घेऊन त्यांच्यासाठी स्थळे शोधीत दारोदार हिंडावे, आणि ज्यांनी आपली स्तुती आनंदाने ऐकली असती त्या सरदारांनी तीन राजांच्या भीतीने नकार द्यावा, ही कथा वाचताना मन विषण्ण होते. दाता मेल्यावर त्याच्याकडून काय मिळणार? तरी कपिलराने पाठ फिरवली नाही. कणियन पूंगुन्रनार या कवीची कीर्ती आज सर्वांहून मोठी आहे. सारी गावे आपली, सारी माणसे आपली सोयरी, हा त्याचा विचार सभासंमेलनांतून नेहमी सांगतात. पण त्याचा शेवट कमी लोकांना ठाऊक असतो. पुराच्या पाण्यात वाहणाऱ्या तराफ्यासारखे आपले आयुष्य आहे, म्हणून थोरांना पाहून दिपून जाण्याचे कारण नाही आणि लहानांना तुच्छ लेखण्याचे कारण तर त्याहून नाही, असे तो म्हणतो. विश्वबंधुत्व बोलायला सोपे. लहानांना तुच्छ न लेखणे कठीण.

येथपर्यंत जे सांगितले ते ऐकून कोणास वाटेल, की ते सत्ययुगच होते. तसे मानणे म्हणजे स्वतःला फसवणे होय. ज्या हातांनी राजा दान देई, त्या हातांत ते धन कोठून येई? पुष्कळदा लुटीतून. शत्रूची गुरे वळवून आणणे, त्याची पिकलेली शेते जाळणे, तळी हत्तींकडून घाण करून सोडणे, याची वर्णने या कवींनी अभिमानाने केली आहेत. एका पांड्य राजाची कीर्ती गाताना, त्याने शत्रूच्या गावातील रस्त्यांवर गाढवांचे नांगर फिरवले असे सांगितले आहे. मुरार जगदेवाने पुण्यावर फिरवलेला गाढवाचा नांगर आपल्याला आठवतो, कारण तो आपल्या गावावर फिरला होता. ज्या शेतकऱ्याचे भात जळले, त्याची कविता 'पुरनानूरु'त नाही. एकुलता एक मुलगा रणात धाडणारी आई कवितेत उजळून दिसते. पण मरणाला एवढे उजळ केल्याशिवाय तरुण रणावर जात नसत, हेही त्यातून दिसते. एका पांड्य राणीची रचना आहे. चितेवर जाऊ नकोस, असे सांगणाऱ्या जाणत्यांना ती ऐकवते, की पिळलेला बिनतुपाचा भात, शिजवलेला पाला आणि खड्यांचे अंथरूण या विधवापणापेक्षा मला चिता कमळांच्या तळ्यासारखी आहे. काहींना यात पातिव्रत्याचा गौरव दिसतो. मला त्यात विधवेच्या जिण्याची फिर्याद दिसते.

वाद्य वाजविणाऱ्या पाणर, परैयर, तुडियर यांचीही गोष्ट तशीच. राजाच्या नगाऱ्याची पूजा होई. त्या नगाऱ्याच्या चौरंगावर नकळत झोपलेल्या एका थकल्या कवीला चेर राजाने मारले नाही, उलट पंख्याने वारा घातला, अशी एक सुंदर कविता आहे. पण ती सुंदर वाटते, कारण एरवी त्या अपराधाला तलवार ठरलेली होती. नगारा पवित्र, तो बडविणारा मात्र खालचा. पुढच्या शतकांत या जमातींची अवस्था अधिकच हीन झाली, हे सर्वज्ञात आहे. ज्याच्या श्रमावर समारंभ चालतो त्याला पंगतीबाहेर बसविण्याची कला आपल्या देशात उत्तर-दक्षिण सारखीच अवगत होती.

मग या काव्याचे मोल काय? माझ्या मते, दान ही नीतीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. राजाने द्यावे, असे कवी म्हणतो. न दिले तर काय, याचे उत्तर त्याच्याजवळ एकच आहे, की दुसऱ्या राजाकडे जावे किंवा निंदेची कविता करावी. हक्क ही कल्पना तेथे नाही. दात्याची मर्जी फिरली की घेणाऱ्याची चूल विझते. कामगारांच्या चळवळीने जगाला जे शिकविले ते हे, की भाकरी मर्जीवर ठेवू नये, ती कायद्याने बांधून घ्यावी. १९४८ साली या देशात किमान वेतनाचा कायदा झाला, तेव्हा नक्कीररचे मापभर धान्य आणि दोन वस्त्रे प्रथमच मागणाऱ्याचा अधिकार म्हणून लिहिली गेली. कायदा पाळला किती जातो, हा प्रश्न वेगळा.

पण हक्काच्या मागेही एक नैतिक समजूत उभी असावी लागते, नाहीतर कायदा कागदावरच राहतो. सम्राटाचे आणि शिकाऱ्याचे पोट एकाच मापाचे आहे. सत्ता नांगरावर उभी आहे. देणाऱ्याने समोर बसवून, मान राखून द्यावे. जिंकणारा नेहमीच श्रेष्ठ असतो असे नाही. ही समजूत ज्यांनी प्रथम शब्दांत बांधली, त्यांत हे तमिळ कवी होते. त्यांनी राजाला उलथून टाकले नाही; पण राजाला मोजण्याचे माप त्यांनी राजाच्या हाती राहू दिले नाही. ते आपल्या हाती घेतले, आणि ते घेणारे हात लोहाराचे, कुंभारणीचे, व्यापाऱ्याचे, भिक्षेकऱ्याचे होते.

स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली 'गाथासप्तशती' मराठी वाचकांपुढे सटीप मांडली, म्हणून गोदाकाठची दोन हजार वर्षांपूर्वीची माणसे आपल्याशी बोलू लागली. 'पुरनानूरु'च्या चारशे रचनांना असा एखादा मराठी कष्टकरी पंडित हवा आहे. तोवर निदान एवढे करता येईल: शेजारी बसलेल्या माणसाची भाषा कानाला कशी लागते, यावर हसण्याआधी त्या भाषेत कोण काय बोलून गेले आहे, हे त्यालाच विचारावे. मुदलियारांनी अय्यरांना विचारलेला प्रश्न आपणही स्वतःस विचारावा, की हे ठीक आहे, पण याच्या आधीचे काही वाचले आहे काय?